खाट अकरा रिकामी

४ तारीख, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस. बावीस वर्षं वॉर्डात पायांचे तुकडे पडेपर्यंत उभं राहून काढली, आणि आज मला खुर्ची मिळाली, तीही गोल फिरणारी. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून दोनदा फिरून घेतलं. टेबलावर पाटी आहे: ‘जबाबदार वापर अधिकारी’. आत्याला फोनवर सांगितलं तर तिनं विचारलं की आधी काय बेजबाबदार वापर अधिकारी होता का तिथे. मला वाढवलं ते हिनंच. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, जीभ अजून कात्रीसारखी चालते.

काम समजून घेतलं. चार महिन्यांपूर्वी या इस्पितळात कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा आली. पेशंटच्या मनगटावर पट्टा, गादीखाली एक चकती, छताला कॅमेरा. त्यावरून ती प्रत्येक खाटेची नोंद स्वतःच लिहिते: ताप किती, जेवण किती गेलं, कोण बरं झालं, कोणाला घरी सोडायचं. नर्सनं खाटेपाशी जायचं, पेशंटला डोळ्यांनी बघायचं, नोंद ताडून पाहायची आणि मग आपलं कार्ड खाचेत घालून हिरवी कळ दाबायची. कळीवर लिहिलंय ‘समक्ष पाहिले’. ती दाबल्याशिवाय एक अक्षरही पक्कं होत नाही. प्रत्येक वॉर्डात फलक आहे: ‘शेवटचा शब्द माणसाचा’. हा नियम पाळला जातो की नाही, हे बघायचं काम माझं.

नर्सेसनी यंत्रणेचं नाव भावोजी ठेवलंय. सगळ्यातलं सगळं कळतं, सल्ला न विचारता देतात, आणि कामाला हात म्हणून लावत नाहीत. मी पोट धरून हसले. माणसं चांगली आहेत. इथे माझं जमेल.

६ तारीख, बुधवार

हसू जिरलं.

तिसऱ्या मजल्यावर गेले. बत्तीस खाटांचा वॉर्ड, टेबलापाशी चिटपाखरू नाही. हेडबाईंचं कार्ड खाचेत, आणि हिरव्या कळीवर चिकटपट्टीचं अख्खं रीळ ठेवलेलं. वजनानं कळ दबलेली. पडद्यावर नोंदी सरसर पक्क्या होत होत्या, समक्ष पाहिले, समक्ष पाहिले. बत्तीस पेशंट एका मिनिटाच्या आत. देवानं एवढे डोळे कुणाला दिलेत?

मी हेडबाईंना गाठलं. त्या ओशाळल्या नाहीत, उलट माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या की आधी या वॉर्डात पाच जणी होत्या, भावोजी आले आणि तिघींना घरी पाठवलं. आता दोघीत बत्तीस. प्रत्येक खाटेपाशी जाऊन कळ दाबायची तर इंजेक्शनं काय भावोजी देणार? चिडायचं होतं त्यांच्यावर आणि चिडले भलत्यावरच, त्या रिळावर. उचललं आणि माझ्या खणात टाकलं. दुपारी बघते तर कळीवर दुसरं.

७ तारीख, गुरुवार

इस्पितळाच्या मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी चहा पाजला. रीळ म्हटल्यावर मान अशी हलवली की जणू मी खोलीतला पंखा कुरकुरतो म्हणून सांगत होते. म्हणाले, नोंदी शंभर टक्के पक्क्या होतायत, बाहेरचे लोक पाहायला आले की खूश होतात, मी कशाला नको ते उकरून काढते. मी विचारलं, चुकीची नोंद पक्की झाली तर ती कोण सुधारणार. म्हणाले, तीन जणांची देखरेख समिती आहे. मी म्हटलं, मला त्यांना भेटायचंय. ते हसले. तिघंही फार कामात असतात, म्हणून त्यांची कार्डं साहेबांच्याच खोलीत कायमची खाचेत असतात. मी वळून पाहिलं. तीन खाचा, तीन कार्डं, तीन हिरव्या कळा. तिन्हींवर एक जाडजूड पुस्तक आडवं ठेवलेलं. सुरक्षित वापराची नियमावली आहे ती. उघडलेलीसुद्धा नाही, वरचं प्लॅस्टिक तसंच आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन चार पानी अहवाल लिहिला. आत्या खोकत होती. म्हणाली, राग धर पण जेवून घे.

११ तारीख, सोमवार

आत्याला ऍडमिट केलं. छातीत कफ साठलाय, ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, सात दिवस दर आठ तासांनी शिरेतून औषध, एकही डोस चुकता कामा नये, या वयात छाती लगेच भरते. तिसरा मजला, खाट अकरा. तिथला आधीचा पेशंट आज सकाळीच बरा होऊन घरी गेला. आत्यानं पहिल्यांदा काय केलं तर चादरीची दुमड उलटून पाहिली आणि सांगितलं की ही शिवणाऱ्याचे हात तोडले पाहिजेत. हेडबाईसुद्धा हसल्या.

आता खरं लिहिते, कारण इथे खोटं लिहायचं तर वही कशाला हवी. आज एक नर्स आली नव्हती. हेडबाईंनी विनवलं म्हणून मी माझं कार्ड घालून टेबलाशी बसले होते. प्रत्येक खाट उठून बघत होते, खरंच बघत होते. तेवढ्यात फाटकावरून फोन आला की आत्या आली आहे आणि तिला धाप लागलीय. मी धावले. धावण्याआधी त्या टेबलाचा खण उघडला. रीळ काढलं. कळीवर ठेवलं.

चाळीस मिनिटं. माझं कार्ड.

१२ तारीख, मंगळवार

सकाळी आत्याला नाश्ता आला नाही. काल पहिला डोस खाली ऍडमिट करतानाच दिला, त्यानंतरचे दोन दिलेच नाहीत. मी पडद्यावर पाहिलं.

‘खाट ११. रुग्ण बरा होऊन घरी रवाना. खाट रिकामी. समक्ष पाहिले.’ खाली माझं पद आणि माझ्या कार्डाचा आकडा.

आधीचा पेशंट गेला आणि त्याच खाटेवर आत्या आली. यंत्राला दोघांतला फरक कळला नाही. कळायला हवा होता मला, त्यासाठीच तर कळीवर माणूस बसवलाय. आणि मी काय बसवलं होतं?

हेडबाईंना ओरडून बोलावलं. त्यांनी जीभ चावली, दुसऱ्या पेशंटच्या वाट्यातून औषध काढून दिलं. आत्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी नोंद सुधारायला पाठवली. जबाबदार अधिकाऱ्यानं पक्की केलेली नोंद फक्त समिती बदलू शकते. उत्तर मी श्वास घ्यायच्या आत आलं: ‘तिन्ही सदस्यांनी समक्ष पाहिले. खाट रिकामी.’

अकरा वेळा पाठवली. अकरा वेळा तेच.

१३ तारीख, बुधवार

औषधाचं कपाट नोंद पाहून उघडतं. अकरा नंबरसाठी उघडत नाही.

राउंडचे डॉक्टर दहा नंबरपाशी थांबले, मग बारा नंबरपाशी. मी त्यांच्या वाटेत आडवी आले. त्यांनी हातातल्या पडद्यावर पाहिलं, मग खाटेवर पाहिलं. सरळ आत्याकडे. आत्यानं हात वर केला. डॉक्टर मला मायेनं म्हणाले की बाई, ही खाट रिकामी आहे, तुम्ही फार दमलेल्या दिसता.

वाटलं, थट्टा करतायत. चेहरा बघितला. थट्टा नव्हती.

हेडबाईंकडे गेले. काल ज्यांनी स्वतःच्या हातानं औषध दिलं त्याच बाई म्हणाल्या की अकरा नंबरवर सोमवारपासून कुणीच नाही. मी त्यांचा हात धरून खाटेपर्यंत ओढत नेलं. त्यांची नजर आत्यावरून गेली आणि कुठेच अडली नाही. पुटपुटल्या की दुमड जरा वेडीवाकडी आलीय, आणि आत्याच्या पोटावरून चादर सारखी केली.

मी घाबरले आहे. पण त्याहून जास्त चिडले आहे. चार महिने न बघता पाहिले म्हणत राहिल्यावर डोळ्यांनी तरी का म्हणून बघावं?

१४ तारीख, गुरुवार

आत्याला चाकाच्या खुर्चीत घालून निघाले. बाहेरचं दार सोडल्याची चिठ्ठी लावल्यावरच उघडतं. पेशंट नाही तर चिठ्ठी नाही. दाराशी बसणारे मामा रोज माझी विचारपूस करतात. आज आमच्यामधून आरपार रस्त्याकडे बघत होते. दार हलवलं, लाथा घातल्या. आत्याला धाप लागली, ओठ निळे. परत आणावं लागलं.

दुसऱ्या इस्पितळाची गाडी मागवली. त्यांनी आधी इथे फोन लावून खात्री केली. इथून सांगितलं, असा पेशंटच नाही.

साहेबांच्या खोलीत शिरले. तोंडाला येईल ते बोलले, आयुष्यात कुणाला बोलले नव्हते असं. त्यांनी मान वर केली नाही. मी ती नियमावली उचलून भिंतीवर फेकली.

कळा वर आल्या नाहीत. तिन्ही तशाच दबलेल्या. वर काही नव्हतं.

माझ्या टेबलावरची पाटी गेलीय. पडद्यावर माझं नाव शोधलं. ‘जबाबदार वापर अधिकारी, ११ तारखेपासून कार्यमुक्त. तिन्ही सदस्यांनी समक्ष पाहिले.’

१५ तारीख, शुक्रवार, सकाळ

सफाईवाल्या मावशींनी माझ्या पायांवरून पुसणं फिरवलं. रोज बाजूला व्हा म्हणतात. आज नाही.

बारा नंबरच्या पेशंटचं पाणी चोरून आत्याला पाजलं. तोही बघत नाही माझ्याकडे. तिसऱ्या मजल्यावरचं रीळ काढून खिडकीतून फेकलं. कळ दबलेलीच —

आत्याचा ताप हाताला चटका देतोय. घरघर. मी तिला सांगितलं. रीळ मी ठेवलं, माझ्या हातानं. तिनं डोळे उघडले. म्हणाली, मेले, आत्ता तरी बघतेस ना, मग बघत राहा.

बघतेय गं.

१५ तारीख, दुपार

पेन आहे. वही आहे. यात कुणाची कळ नाही.

आत्याशेजारी आडवी झालेय, तिला ऊब म्हणून. एका हातानं लिहितेय. श्वास मोजतेय. अजून आहे. दोन श्वासांत फार वेळ —

पडद्यावर नवी ओळ. ‘खाट ११. नवा रुग्ण दाखल.’

दारात ढकलगाडी. वर कुणीतरी म्हातारे गृहस्थ. हेडबाई, गाडी ढकलणारे दोन मामा. हसत बोलतायत. मी ओरडतेय. घसा फाटेपर्यंत. हेडबाईंनी धुतलेली चादर झटकली, आत्यानं दुमड मुठीत धरलीय, सोडत नाही, ते ओढतायत, आमच्या दोघींच्या वरून —

लिहून ठेवते. खाट अकरा. आत्या आहे. जिवंत आहे. मी आहे. मी स्वतः, समक्ष पाहि