नविनभाईंच्या ऑफिसात रुजू होण्याआधी

५ फेब्रुवारी २०१८, डहाणू
पोचले एकदाची! ऑफिसातला उमेश स्टेशनवर घ्यायला आला होता, माझी बॅग स्कूटरवर पुढे ठेवून. नविनभाई वकिलांनी नोकरी देऊ केलीय, पण मीच म्हटलं, आठवडाभर ऑफिसात बसून बघते, मग हो-नाही सांगते. नाशिकच्या ऑफिसातल्या आरडाओरड्याने एकदा पोळलेय. नविनभाई हसले, म्हणाले, बघून घ्या बेन, इथे कुणाचा आवाज चढत नाही. त्यांचा स्वतःचा आवाज बसका, गोड, गुजराती हेलाचा. दुपारी टायपिस्ट दक्षाने डब्यातलं उंधियू वाढलं. मी दोनदा घेतलं.

६ फेब्रुवारी
खरंच इथे कुणी कुणावर खेकसत नाही. सुट्टीही मागितली की मिळते म्हणे. मन इतकं शोधतंय, खोट सापडत नाही. आज तलासरीकडच्या पाड्यावरून बुधीबाई आली होती. नवरा वारला, आता दीर म्हणतोय शेतावरचा हक्क सोड. तिला लढायचंय. नविनभाईंनी तिला समेट सुचवला. ती उठून माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, तू सांगशील तेच करीन." मी कागद बघून सांगते म्हटलं.

७ फेब्रुवारी
नविनभाई सुरतला लग्नाला गेलेत. तरी केबिनमधून त्यांचा आवाज येत होता. डोकावले तर फोनवर उमेश. नक्कल छान करतोस, म्हटलं. तो हसला नाही. कसली नक्कल, म्हणाला. त्याच आवाजात.

८ फेब्रुवारी
दक्षाला विचारलं, माझ्या जागेवर आधी कोण होतं. कासा गावची शितल, तब्येतीमुळे सोडून गेली, म्हणाली. सांगता सांगता आवाज खाली उतरला. बसका झाला, गोड. तिने गळा धरला. डोळ्यांत पाणी, आवाज मात्र बोलतच होता.
संध्याकाळी आईला फोन केला. मी दोन वाक्यं बोलले. आई म्हणाली, कोण बोलतंय?

९ फेब्रुवारी
कासाला शितलकडे गेले. तिची आई म्हणाली, ऑफिस सोडल्यापासून पोर बोलत नाही. बोललीच तर मी कान झाकते. शितल माझ्याकडे बघत राहिली. मग तोंड उघडलं—
नविनभाई.
"निलमबेन, डहाणूची जीप लागलीय. या परत. बुधीबाई येऊन बसलीय."
शितल रडत होती. आवाज शांत.
हायवेवरच्या चारोटी नाक्यावरून सरळ पळून जायचं होतं. सामान गेलं खड्ड्यात. पण बुधीबाई— तिला एवढंच सांगायचं, अंगठा देऊ नकोस. जीपमध्ये बसले.

तोच दिवस, संध्याकाळ
ती होती. दीरही. समोर हक्क सोडल्याचा कागद आणि शाईचा पॅड. मला बघून चेहरा उजळला तिचा.
"देऊ काय, बाई, अंगठा?"
नको म्हणायला तोंड उघडलं.
"द्या ना. घरच्या घरात वाद कशाला?"
माझ्या तोंडातून. मी मान हलवत होते, तिचा हात धरायला धावले— तोवर तिने—
माझ्यावर विश्वास ठेवून.
सुरतहून परतलेल्या नविनभाईंनी कागद उचलून ठेवला. त्यांना बोलायची गरजच नव्हती.

१० फेब्रुवारी
सकाळपासून ओठ मिटून बसलेय. कागदाची नोंदणी सोमवारी आहे. ती तिथे गेलीच नाही तर अजून थांबवता येईल. तिला वाचता येत नाही, पण पाड्यावर कुणीतरी वाचून दाखवेल. बोलता नाही आलं तरी हात माझाच आहे.
चिठ्ठी लिहिते.
बुधीबाई, सोमवारी नोंदणीला जा
नाही. ‘जाऊ नकोस’ लिहायचं होतं. पुन्हा.
बुधीबाई, सोमवारी नक्की जा
उजवा हात डाव्याने दाबून धरलाय— अक्षरं— ही माझी नाहीत—
बुधीबाई, तू जाऊ न