पन्नास मिनिटांचा शिंपी

प्रिय ठकूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल मंगळवारी पोचलं: पायमोजांचे दोन जोड, गरम पाण्याची रबरी पिशवी आणि बाबांचा मफलर. वरच्या तिकिटांची बेरीज केली, एकशे दहा झाली. तेवढ्यात इथे आणखी एक मफलर आला असता. असो. मफलर टोचतो अशी यांची तक्रार आहे, पण मंगळवारपासून गळ्यातून उतरलेला नाही.

बातमी अशी, की आपलं शिंप्याचं नाटक महोत्सवात घेतलंय. मोठ्या नाट्यगृहात नव्हे हो, फ्रिंजमध्ये. म्हणजे मोठ्या महोत्सवाच्या कडेकडेने गोदामात, माळ्यावर, मिळेल त्या खोलीत छोट्या मंडळींची नाटकं होतात ती. आपल्याला एका बंद छापखान्याची मागची खोली दिलीय, चाळीस खुर्च्यांची. पन्नास मिनिटं नाटक, सामान लावायला पाच, काढायला पाच. वेळेच्या वर गेलात की सरळ दिवे घालवतात. जागा मात्र अजून पक्की नाही. कलाकारांच्या सह्यांचा कागद वीस तारखेच्या आत पोचला तरच. आधीचे तीन अर्ज ‘नाटक फार लांबतं’ म्हणून परत आले, तुला ठाऊक आहे. बाबा आता अडुसष्टचे. पाचवा अर्ज ते करतील असं मला वाटत नाही.

तालमी आपल्या पुढच्या खोलीतच होतात. मी कोपऱ्यात माळ ओढत बसते. माझ्या एका माळेला सहा मिनिटं लागतात, त्यामुळे घड्याळाआधी सगळे माझ्याकडे बघतात. लाइटवाला तर विचारतो, काकू, आज किती माळांचं झालं? देव काय म्हणत असेल कोण जाणे. पूर्वी बारा माळा व्हायच्या. गेल्या महिन्यात एके दिवशी आठवी माळ संपली आणि नाटकही संपलं. माझाच मणी चुकला म्हणून मी पुन्हा मोजणार, तोवर लक्षात आलं की शिंप्याचं भाषण आलंच नाही. तीस वर्षांच्या मापांचं ते लांबलचक भाषण, पुरत्या चार माळांचं.

हो, तेच. ज्याच्यावरून तू त्या रात्री जेवताना म्हणालीस की लोक चुळबुळ करतात, ते काढा. आणि हे म्हणाले की मग तूच चालव कंपनी. दोन दिवसांत तू बॅग भरलीस. तुम्ही दोघं एकाच कापडाची, कापायला गेलं तर कात्री बोथट व्हायची. पण आता त्यांनी स्वतः लाल पेन्सिलीने पानंच्या पानं खोडलीत. लाइटवाल्याने आश्चर्याने पाहिलं, तर म्हणाले, “हे मला एकीने तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.” एवढंच. मग खोकल्याचं निमित्त करून पाणी प्यायला आत गेले.

भाषण गेल्यावर नाटक तू करायचीस त्या शिकाऊ पोरीचं झालंय. शिंपी बघत राहतो आणि ती उभ्या उभ्या कोट बेतते. समोरच्या नर्सबाई तुझी वाक्यं वहीतून वाचून दाखवतात, बिचाऱ्या. त्यांना आठवडाभराची रजा मिळायची नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. शिवाय त्या कात्री धरतात ती इंजेक्शन दिल्यासारखी.

आता मूळ गोष्ट. माझं अक्षर बरं म्हणून अर्ज मी भरला. कलाकारांच्या रकान्यात शिकाऊ पोरीपुढे मी तुझं नाव लिहिलं. मंजुरीच्या पत्रात ते छापून आलं, आणि खाली अट: अर्जातले कलाकार बदलले तर जागा पुढच्या मंडळींना जाईल. यांनी ते पत्र किती वेळ हातात धरलं होतं! विचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, सवयीने हात गेला. ते खोटं होतं, ठकू. सकाळी देवापुढे कबूल केलं, आता तुझ्यापुढे करते. यांना अजून सांगितलेलं नाही. ते स्वतः तुला बोलावणार नाहीत, पण काल त्यांनी ट्रंकेतून तुझा नाटकातला एप्रन काढून उन्हात टाकला, दोन्ही बाजूंनी. सह्यांचा कागद सोबत जोडलाय. जमणार नसेल तर तसंच कळव. माझी चूक मी निस्तरीन. काहीही असो, उलट टपाली उत्तर पाठव, आणि पाकिटावर माझं नाव घालू नकोस, त्यांचं घाल.

तुझी वाट पाहणारी,
आई