वाचनाच्या खोलीवर तुझं नाव

प्रिय शालू,

आज शाळेतल्या वाचनाच्या खोलीला तुझं नाव दिलं. पाटी लागली, टाळ्या झाल्या, पेपरवाल्यांनी फोटो काढले. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, बहिणीचा केवढा अभिमान वाटत असेल!" मी मान हलवली. घरी आल्याआल्या लिहायला बसले, कारण तो अभिमान नव्हताच. मला तुझा हेवा वाटत होता. गेलेल्या माणसाचा कुणी हेवा करतं का गं? मी करते.

पदकं तू आणलीस, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पहाटे देवळाली कॅम्पच्या रस्त्यांवर तू पळायचीस, तेव्हा मी गोधडीत असायचे. तुझे पाय तुझे. पण वाचन माझं होतं ना! तुझ्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचायची, मराठीत तू जेमतेम पास व्हायचीस. आप्पा म्हणायचे, "एकीला डोकं दिलं, एकीला पाय." मला ते किती आवडायचं!

मग तू देशासाठी धावलीस, घराघरात तुझं नाव झालं आणि मीच तुला माझ्या चौथीच्या वर्गात बोलावलं. पदक दाखवशील, चार शब्द बोलशील, एवढंच माझ्या मनात होतं. तू मात्र टेबलावरचं पुस्तक उचललंस आणि मोठ्यानं वाचायला लागलीस. "स्वा... तं... त..." पोरं फिदीफिदी हसली. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं! तू शांतपणे म्हणालीस, "हसा. मला जोडाक्षरं अजून अडतात. कुणी मदत करेल?"

मागच्या बाकावरून काजल उठली. काजल! माझ्यापुढे जिनं एक ओळ मोठ्यानं वाचली नव्हती.

"ताई, स्वातंत्र्य हाय ते. पंधरा ऑगस्टचं."

"मग पुढचं?"

तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं. अडखळत, पण वाचलं. तिच्यासाठी मी किती शब्दपट्ट्या कापल्या होत्या, किती मधल्या सुट्ट्या घालवल्या होत्या! आणि तू नुसती अडलीस, तेवढ्यानं झालं?

त्यानंतर दर गुरुवारी तू येत राहिलीस. वाचताना अडणाऱ्या पोरांना घेऊन सरळ फरशीवर बसायचीस. पोरं गेटपाशी तुझ्या स्कूटीची वाट बघायची. मी रोजच यायचे, माझी कोण वाट बघणार?

मग तुझं आजारपण आलं. दारापर्यंत चाललीस तरी धाप लागायची. शाळा सुटल्यावर काजल तिच्या आईचा हात धरून यायची, तुझ्या उशाशी बसून गोष्ट वाचायची. मी स्वयंपाकघरात पेज ढवळत ऐकायचे. एकदा राहवलं नाही, बाहेर आले. "शालू, मी वाचू का? मी चांगलं वाचते."

तू हसलीस. "तू लय भरभर वाचतेस, ताई. मी मागं राहते. काजलबरोबर पोचते."

हे मला लहानपणीच का नाही सांगितलंस? एकाच दिव्याखाली बसायचो आपण. मी थांबले असते गं! असते का? आता कुणाला विचारू?

तू गेलीस आणि गुरुवार तसाच येतो. या गुरुवारी खोलीत मी गेले. सुरगाण्याकडून एक नवी मुलगी आलीय, जनी. आईबाप इकडे द्राक्षबागेत कामाला आलेत. घरची बोली वेगळी, त्यामुळे पुस्तकाचं पान उघडलं की तिचं तोंड मिटतं. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. गुडघे दुखले. तिनं शब्द काढला नाही, मीही घाई केली नाही. घंटा झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "बाई, उद्या बसशील?"

उद्या! गुरुवारपर्यंतही थांबायला तयार नाही ती!

म्हणून तुला वचन देते, शालू. जनीबरोबर मी रोज बसेन. एका ओळीला अख्खी दुपार लागली तरी बसेन. पण ती वाचायला लागली ना, की वरून बघून खुशाल टाळ्या वाजव, तिला तुझी मात्र म्हणू नकोस. ही माझी आहे!

अजूनही तुझ्यावर जळणारी,
तुझी ताई