चौकशीच्या खिडकीतले अण्णा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता मला तुमची भीती वाटायला लागली आहे.

औशाच्या बसस्टँडवर मालिकेचं शूटिंग आलं होतं, आठवतं? चौकशीच्या खिडकीत बसवायला त्यांना माणूस हवा होता. तुम्ही शाळेत शिकवून घरी निघाला होतात, तुमचा खणखणीत आवाज त्यांच्या कानावर पडला आणि त्यांनी तुम्हालाच बसवलं. मालिका लागली त्या संध्याकाळी अख्खी गल्ली आपल्या घरात. पडद्यावर मुंग्याच मुंग्या, त्यातून तुम्ही मान वळवून म्हणता, "येईल गाडी, बसा." मी पडद्याला नाक लावून बसलेली. मागून तुम्ही ओरडता, "मागं सर, डोळे जातील." एक अण्णा टीव्हीत, एक घरात, पण माझा कधी घोटाळा झाला नाही.

यंदा ती मालिका दुपारची पुन्हा दाखवून राहिलेत. आई आता लातूरला माझ्याकडंच असते. सकाळी जेवलेलं तिला दुपारी आठवत नाही. आम्ही नवा मोठा टीव्ही घेतलाय. त्यावर तुम्ही मान वळवलीत आणि माझ्या अंगावर काटा आला. मुंग्या नाहीत, हिसका नाही. मान अशी गुळगुळीत वळली, जसं कुणी आत्ताच शेजारच्या खोलीत तुम्हाला मोबाईलवर टिपलंय.  आईनं उठून तुमच्यासाठी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर दार सताड उघडं, आईच्या चपला दारातच. बाहेर रणरणतं ऊन, चौकात ट्रकची रांग. कुठं कुठं पळाले ते सांगता येणार नाही. शेवटी लातूरच्या बसस्टँडवर सापडली, अनवाणी. चौकशीच्या माणसानं तिला आपली खुर्ची दिली होती. "मावशी म्हणतेत, मालक इथंच कामाला हायेत," तो हळूच म्हणाला. आई माझ्यावरच रागावली, "काल तर इथंच बसून राहिले होते की."

टीव्हीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, सेटिंगमुळं होतंय हे. दोन चित्रांच्या मधलं चित्र टीव्ही मनानंच बनवतो."  म्हणजे तुमच्या दोन चेहऱ्यांच्या मधे जो चेहरा दिसला, तो तुमचा कधी नव्हताच. आई त्याला शोधत भर उन्हात गेली होती.

त्यानं ते बंद करून दिलं. दुपारी मालिकेत तुम्ही पुन्हा आलात, आईनं तुम्हाला बराच वेळ बघितलं. "हे जुनं हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "गेले ना गं ते?" मी हाव म्हणाले. ती तुम्ही गेलात त्या दिवशीसारखीच रडली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा तशीच रडली. तिसऱ्यांदा विचारील या धास्तीनं मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

आता दाराला वर, तिचा हात पोचणार नाही अशी कडी लावलीय. आणि ते सेटिंग मीच पुन्हा चालू केलंय. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून लिहिते. काल आईनं विचारलं, "कधी येतेत?" मी म्हणाले, "येतेतच की." आणि तिच्या आधी मीच दाराकडं बघितलं.