माझ्याकडे होत नाही

११ नोव्हेंबर
पुन्हा उघडली! काल बंद केलेली तक्रार आज सकाळी यादीत सगळ्यात वर. औषधांची आठवण करून देणारं आमचं ॲप. तक्रार एवढीच — 'गोळीची वेळ टाकली, पण जतन करायचं बटणच दिसत नाही.' तक्रारदाराने स्वतःला 'घुबड' म्हणवून घेतलंय. ते बटण मी स्वतः बसवलंय. दिसत नाही म्हणजे काय!
ऑफिसातल्या सगळ्या फोनवर पाहिलं. ठणठणीत. 'माझ्याकडे होत नाही' असं लिहून बंद केली.

१२ नोव्हेंबर
घुबडाने परत उघडली. 'पण माझ्याकडे होतं ना!' — बस्स. ना फोटो, ना तपशील.

१३ नोव्हेंबर
आमची प्रमुख — वयाने माझ्या भाचीएवढी — टेबलाशी आली. "सर, शुक्रवारी नवी आवृत्ती जातेय. यादी कोरी हवी. तुम्ही म्हणाल ते फायनल." कॉलेजचं तोंड न बघता, उसन्या पुस्तकांवर शिकलोय मी हे. माझ्या शब्दावर आवृत्त्या जातात! तरी बोट अडलं. शेजारचा टेस्टर म्हणाला, "अरे, घुबडाला दिवसा कुठलं दिसायला!" सगळे हसले. मीही. बंद केली.
जेवताना मेव्हण्याचं सुरू — "दाजी, फोन धरायला हात पुरेना आता. चष्मा करा." म्हटलं, डोळे ठीक आहेत, हल्ली अक्षरंच बारीक करतात लेकाचे! बायको ताट उचलता उचलता म्हणाली, "त्या लेकाच्यांत तुम्हीही आलातच की."

१४ नोव्हेंबर
घुबड गप्प. उद्या आवृत्ती. जिवाला चैन नाही. भांडत होतं तेच बरं होतं. कंटाळून ॲप काढून टाकलं असेल? मग गोळीची आठवण कोण करतंय त्याला? चार वेळा यादी उघडून पाहिली. कोरी — आणि ते कोरेपणच खुपतंय.

१५ नोव्हेंबर
सकाळी बायकोने फोन हिसकावला. "नाक लावून काय वाचता!" अक्षरं सगळ्यात मोठी करून परत दिला. काय सुख! सवयीने आमचं ॲप उघडलं. औषध, वेळ — सगळं टपोरं. बटण नाही. मोठ्या अक्षरांनी ते पडद्याखाली ढकललेलं, आणि पान सरकत नाही.
आधी प्रमुखला फोन — आवृत्ती थांबव. मग तक्रार उघडली, घुबडाच्या ओळीखाली लिहिलं —
'माझ्याकडेही होतं.'