बासष्ट सेंटिमीटर

२ जानेवारी, सकाळी ७.१०
संकल्प तीन. रोज रोजनिशी. रोज चालणं. आपल्या तोडीच्या माणसांत मिसळणं.

सव्वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतोय. घरात कुणाला त्याचं काही नाही. काल जेवताना मोजणीचं टोटल स्टेशन मशीन कसं लावतात ते सांगायला घेतलं, तर ही भाजी गरम करायला उठून गेली. भाजी गरमच होती.

कन्या म्हणाली, सर्व्हेअर लोकांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, ‘हद्द-कट्टा’. साडेचार हजार मेंबर. म्हटलं बघू, त्यांना माझा उपयोग होत असेल तर.

चालायला उद्यापासून.

३ जानेवारी
जॉइन झालो. ‘अचूक’ हे नाव हवं होतं, ते कुणीतरी आधीच घेतलेलं. अचूक-२ सुद्धा. शेवटी अचूक-१७ मिळालं. किती लोक स्वतःला अचूक समजतात, कमाल आहे!

चाललो नाही. बूट सापडला, एकच.

५ जानेवारी
ग्रुपचा नियम असा की नव्या मेंबरने स्वतःच्या घराचा प्लॉट मोजून नकाशा टाकायचा, सोबत फील्ड बुकचे फोटो. म्हणजे ज्या वहीत जागेवर मापं लिहितो ती वही. बाकीचे तपासणार. पास झालं की नावापुढे हिरवा ओळंबा. तोवर राखाडी. राखाडी मेंबरने फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही.

सव्वीस वर्षं, आणि राखाडी!

असो. रविवारी दोन तासांचं काम. सोमवारी हिरवा, मंगळवारपासून सल्ले. आठ सल्ले आत्ताच लिहून ठेवलेत.

७ जानेवारी, रविवार
प्रकरण गंभीर आहे.

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या हद्दीच्या दगडापासून मोजायला सुरुवात केली. प्लॉटची रुंदी कागदोपत्री पंधरा मीटर. मोजत दुसऱ्या टोकाला गेलो, तर शेजारच्या डॉक्टरांची कंपाउंडची भिंत माझ्या जागेत चक्क बासष्ट सेंटिमीटर आत! दातांचे डॉक्टर. बावीस वर्षांचा शेजार, रोज संध्याकाळी ओट्यावर बुद्धिबळ. आणि पोटात हे.

पुरावा म्हणजे माझं स्वयंपाकघर. चार वर्षांपूर्वी मागच्या बाजूला वाढवलं, तेव्हा मी ह्याच दगडापासून मोजलं होतं आणि त्यांच्या भिंतीचा मागचा तुकडा पाडून बरोबर हद्दीवर बांधलं होतं. डॉक्टर तेव्हा म्हणाले की तुम्ही मोजलंय म्हणजे बरोबरच असणार. पुढची भिंत मी मोठ्या मनाने राहू दिली. आज आकडा कागदावर आला आणि मन तेवढं मोठं राहिना.

संध्याकाळी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी विचारलं, बासष्ट म्हणजे साधारण किती? हात फाकवून दाखवलं. म्हणाले, अरेच्चा. मग म्हणाले, चाल तुमची आहे.

हरलो. लक्ष विचलित करायची ही त्यांची जुनी खोड.

८ जानेवारी
नकाशा टाकला. मथळा: ‘शेजाऱ्याचं अतिक्रमण: एक आदर्श मोजणी’. फील्ड बुकचं एकच पान मागितलं होतं, मी सगळी ऐंशी टाकली. बारा वर्षांच्या नोंदी, एक खाडाखोड नाही. नव्या पोरांना कळू दे काम कशाला म्हणतात.

९ जानेवारी, दुपारी १.३०
त्रेचाळीस कॉमेंट! ‘तिपाई’ नावाच्या मेंबरने लिहिलंय, अक्षर सुंदर. हिला वाचून दाखवलं. हिने विचारलं, बूट सापडला का.

‘जुना टेप’ नावाचा एक दीडशहाणा आहे. त्याचं म्हणणं, एकाच दगडावरून का मोजलं? दुसऱ्या दगडावरून ताळा कुठाय? त्याला शांतपणे कळवलं की एक दगड आमच्या पाण्याच्या टाकीखाली गेला आणि एक डॉक्टरांच्या गुलाबांखाली कुठेतरी पुरलेला आहे. म्हणतो, मग खणा. त्याशिवाय ओळंबा नाही.

ह्या असल्या माणसांमुळेच हा धंदा मागे राहिलाय.

११ जानेवारी
डॉक्टरांकडे गेलो. गुलाब खणावे लागतील हे पटवायला चार मुद्दे तयार केले होते. पहिल्याच मुद्द्याला ते हो म्हणाले. उरलेले तीनही सांगितले, कष्ट वाया का घालवायचे?

त्यांनी स्वतः कुदळ घेतली. अकरा झाडं. आठ वर्षं मुलांसारखी जपलेली. प्रत्येक झाड उपटताना ते त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होते. मला वाईट वाटलं. पण हिरवा ओळंबा काही असाच मिळत नाही.

ही बोलत नाहीये. शांतता आहे, कामाला बरी.

१४ जानेवारी, रविवार
दगड सापडला. पक्का रोवलेला, डोक्यावर खूण स्पष्ट. त्यावरून मोजलं.

डॉक्टरांची भिंत बरोबर जागेवर. माझं स्वयंपाकघर त्यांच्या जागेत बासष्ट सेंटिमीटर.

परत मोजलं. मग टेप बदलून मोजलं. मग कन्येला टेप धरायला लावून मोजलं. प्रत्येक वेळी बासष्ट. माझी मापं चुकत नाहीत, हीच तर अडचण आहे.

निष्कर्ष: गुलाबाच्या मुळांनी दगड सरकवला असणार. ग्रुपवर तसं कळवलं. दोनशे हसरे चेहरे आले. लोकप्रियता वाढते आहे हे नक्की.

१६ जानेवारी, सकाळी
‘जुना टेप’ने माझी ऐंशीच्या ऐंशी पानं वाचली. रिकामटेकडा मेला. पान एक्केचाळीसचा फोटो लाल गोल करून ग्रुपवर टाकलाय.

माझंच सुंदर अक्षर. सहा वर्षांपूर्वीची तारीख. ‘नवी गाडी वळताना घासते. गल्लीच्या कोपऱ्यावरचा हद्दीचा दगड बासष्ट सेंमी आत घेतला. तात्पुरता. रविवारी परत जागेवर ठेवणे.’ खाली दोन रेघा.

कुठल्या रविवारी ते लिहिलेलं नाही. एवढी एक त्रुटी मान्य.

दुपारी
नाही, हे असं लिहून भागणार नाही. सर्व्हेअरने हद्दीचा दगड हलवायचा आणि विसरायचा! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला दारात उभा केला नसता. साडेचार हजार लोकांना कळलंय. अचूक-४ने मला नाव बदलायची विनंती केलीये, त्यांची बदनामी होते म्हणून.

त्याचंही एवढं नाही. पण त्या माणसाने माझ्या शब्दावर भिंत पाडू दिली. माझ्या शब्दावर गुलाब उपटले. आणि मी त्याचं नाव अतिक्रमण म्हणून जगापुढे टाकलं. जेवण गेलं नाही. म्हणजे थोडं गेलं.

१७ जानेवारी
प्लॅन एक: अकाउंट डिलीट करणं. कन्या म्हणाली, तीस दिवस लागतात.

प्लॅन दोन: स्वयंपाकघर पाडणं. ही सहा दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, पाडा, आणि मग कुठे राहायचं तेही आधी ठरवून ठेवा, एकट्याने.

प्लॅन तीन: डॉक्टरांना खरं सांगणं. संध्याकाळी गेलो. दगड, गाडी, पान एक्केचाळीस, सगळं सांगितलं. शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला. मग म्हणाले की मला वाटलंच होतं.

चार वर्षांपूर्वीच वाटलं होतं! मग बोलला का नाहीत, विचारलं. म्हणाले, बोललो असतो तर तुम्ही संध्याकाळचे आला नसतात.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

पाडापाडी काही करायची नाही म्हणाले. अट एकच, आणि ती लेखी. ह्यापुढे दोन्ही घरांत मी कसलंही माप घ्यायचं नाही आणि दुसऱ्याने घेतलेल्या मापावर बोलायचं नाही. कन्येने टाइप केलं. मी सही केली. हिने साक्षीदार म्हणून सही केली, न विचारता दोनदा.

१८ जानेवारी
अट तात्पुरती असणार. माणूस रागात असतो. आठवडाभरात निवळेल.

अकरा गुलाबांची रोपं आणून दिली. ती लावताना दोन रोपांत किती अंतर ठेवावं हे सांगायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी खिशातून तो कागद काढला. खिशातच ठेवतात.

२० जानेवारी
हिरवा ओळंबा मिळाला! दुरुस्त नकाशा पास. वर प्रशस्तिपत्र: ‘स्वतःचा गुन्हा स्वतः नोंदवून ठेवणारी, ग्रुपवरची पहिली फील्ड बुक’. तयार ठेवलेल्या आठांपैकी पहिला सल्ला लगेच टाकला. विषय: शेजाऱ्यांशी हद्दीचा वाद कसा हाताळावा. अ‍ॅडमिनने कॉमेंट बंद केल्या. गर्दी होऊ नये म्हणून असेल.

२४ जानेवारी
स्वयंपाकघराच्या खिडकीला नवा पडदा हवा होता. हिने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सुतळीने माप घेतलं. सुतळी सैल होती. मध्येच तिला गाठही होती. मी पंख्याकडे बघत बसलो.

२७ जानेवारी, संध्याकाळ
पडदा आला. चार बोटं आखूड आहे.

ही आणि डॉक्टर समोर उभं राहून म्हणाले, अगदी मापात बसलाय. मला विचारलं, हो की नाही?

हो म्हणालो.