सकाळच्या फोनमधून सुटलेले

४ मार्च
ऐन मीटिंगमध्ये मावशीचा फोन! "अगं, आज तुझ्या यंत्राचा फोन आलाच नाही." म्हटलं, आला असेल, एक दाबून तू विसरली असशील. तिला राग आला. तिनं फोनच ठेवला.

माझा प्रोग्रॅम रोज सकाळी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फोन करतो. बरे असाल तर एक दाबा. दाबलं नाही, की आमचा माणूस दार वाजवायला जातो. इतकं साधं. यात चुकायला आहेच काय?

१० मार्च
पुन्हा तेच! "आज नाही आला." शिवाय इमारतीची दुरुस्ती काढलीय, गेल्या आठवड्यात शेजारचे पोस्टमन राहायला दुसरीकडे गेले, आज वरचे शिंपीकाका मुलीकडे गेले, धुळीनं जीव नकोसा झालाय. अर्धा तास खाल्ला. मला कामं आहेत की नाही?

११ मार्च
चाचणी घेतली. सगळं ठीक. मावशीला म्हटलं, स्मरणशक्ती तपासून घे. म्हणाली, "तू डोकं तपासून घे."

१७ मार्च
आमच्या यादीतले एक निवृत्त संगीतशिक्षक न्हाणीघरात पडले. दुपारपर्यंत तसेच पडून. खुब्याचं हाड मोडलंय. त्यांनी फोन उचलला नाही असं नाही — प्रोग्रॅमनं लावलाच नव्हता! साहेब म्हणाले, "पुन्हा असं झालं तर ही सेवा बंद."

१८ मार्च
सापडलं. कपाळावर हात मारून घेतला.

प्रोग्रॅम यादीत एकेक जागा पुढे सरकत फोन लावतो. मध्येच सेवा सोडलेलं कोणी भेटलं, की त्याला तिथल्या तिथे काढून टाकतो. मग मागचे सगळे एकेक जागा पुढे येतात. शिंपीकाकांच्या जागेवर मावशी येऊन बसते आणि हा शहाणा, ती जागा झाली असं समजून पुढच्या जागेकडे जातो. मावशी राहिली! पोस्टमन गेले त्या दिवशीही तेच. संगीतशिक्षकांच्या आधीच्या बाईही कालच कमी झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत, म्हणून कोणाला पत्ता नाही. आणि माझ्या चाचणीच्या यादीतून कोणी सोडून जातच नव्हतं.

यादीवरून फिरताना तिच्यातच काटछाट करायची नाही, हे आम्ही शिकाऊ पोरांना पहिल्या महिन्यात सांगतो. आणि मी! आता यादीची नक्कल काढायची, फिरायचं नक्कलेवरून, काढायचं ते मूळ यादीतून. दोन ओळींचं काम. स्वतःचीच लाज वाटली.

१९ मार्च
मावशीला सांगितलं, तुझंच बरोबर होतं. "माहीत आहे," म्हणाली. आणि लगेच फोन ठेवला. आश्चर्य!

२७ मार्च
प्रोग्रॅमच्या दुरुस्तीनंतर आज पहिल्यांदाच यादीतून एक नाव कमी झालं. त्याच्या मागच्या आजोबांना फोन व्यवस्थित गेला. चूक खरंच दूर झाली.

कमी झालेलं नाव मावशीचं. घाबरून लगेच फोन लावला. का काढलंस नाव?

"आता तो रोज न चुकता येतो गं. तुझ्याकडे तक्रार करायला काही उरलंच नाही. म्हटलं, नाव काढलं तर तू तरी फोन करशील."